सातचा भोंगा सगळ्या गावांत व्हावा का?

कृष्णाकाठ: मोहित्यांचे वडगाव आपल्याच सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं. तिथं 15 ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत मोबाईल, टीव्ही बंद. कोरोनात शाळेसाठी पोरांच्या हातात फोन दिला, तो शाळा सुरू झाली तरी सुटेना म्हणून गावानं हे ठरवलं. माझं तर म्हणणं आहे प्रत्येक गावानं करावं. आमच्या पलूसकडं घराघरात बघा, आई विचारते अजून भाकरी वाढू का तर कुणाची मान वर होत नाही. माणूस रुसलंय का दमलंय हे कळायला त्याच्या तोंडाकडं तरी बघायला लागतं ना?

विट्याची सून: दादा, नाही पटलं. आमचे हे गलाईवाले, तिकडं तमिळनाडूत. खानापूर आटपाडीतली कितीतरी घरं अशीच, सोनं चांदी गाळायला माणूस देशभर पांगलेला आणि गावाकडं येणार दिवाळीला नाहीतर जत्रेला. सासूबाई सांगतात पूर्वी पत्र यायचं तेही दुसऱ्याकडून वाचून घ्यायला लागायचं, मग बाई मनातलं लिहिणार तरी काय? आता ह्यांचं दुकान आठला बंद होतं की लगेच व्हिडिओ कॉल, पोरगी बापाला शाळेतलं सगळं सांगते, नेमकं तेव्हाच तुमचा भोंगा.

माजी फौजी, सातारा: ताई तुमची तळमळ कळते, आमच्या अपशिंगे मिलिटरी गावाकडं पण घरोघरी माणूस फौजेत. पण माझा अनुभव वेगळा आहे. एसटीडीच्या लायनीत उभं राहून दोन मिनिटं मिळायची त्यात कामाचं आणि मायेचं दोन्ही बोलून व्हायचं. नंतर रोज कॉल सुरू झाला तर जेवलास का, झोपलास का, संपलं. आणि घरातली प्रत्येक कुरबुर त्याच रात्री पोस्टवर पोचायची, मी तिथून काय करणार होतो, ड्युटीवर डोक्यात तेच घोळत राहायचं. रोज दिसलं म्हणजे जवळ आलो असं नसतं.

विट्याची सून: मग काय बायकांनी गिळून बसायचं का सगळं? सुट्टीला आल्यावर एकदम सांगितलं की म्हणता आधी का नाही सांगितलं.

कृष्णाकाठ: ताई, वडगावात पुरुषांनी आधी हसण्यावारी नेलं होतं, बायकांनी मात्र कबूल केलं की आमचाही वेळ मालिकांत जातो, बंद करू. आशा सेविका, अंगणवाडी सेविका घरोघरी फिरल्या. कुणी लादलेलं नाही.

विट्याची सून: त्या गावाचं कौतुकच आहे. पण बाकी गावांत घरोघरी फिरून बघायला लागले की पहिला फोन सुनेचाच काढून घेतील, आणि माहेरी आईशी बोलायला तिच्याकडं तेवढीच एक वाट असते. तुमच्याकडं ठराव आणायचाच असेल तर आधी महिला ग्रामसभेत आणा आणि वेळ बायकांना ठरवू द्या. सात ते साडेआठला माझा विरोध राहणार.