शब्दचर्चा : स्नायपर, नेमबाज, काडतूस, पुंगळी

टिळकवाडीकर : एका स्थानिक अंकासाठी लष्करी लेख तपासतोय. लेखकाने स्नायपरला, म्हणजे लपून लांबून नेम धरणाऱ्या सैनिकाला, एकदा ‘नेमबाज’, एकदा ‘शार्पशूटर’ आणि एके ठिकाणी चक्क ‘टेहळ्या’ म्हटलंय. ‘७.६२च्या गोळ्या’ आणि ‘७.६२ची काडतुसं’ हेही वाटेल तिथे अदलून-बदलून. बेळगावात, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरच्या गावात, असं छापलं तर माजी सैनिक दारात येतील. काय ठेवू?

निपाणीवाला : शार्पशूटर आधी उडवा. आपल्या पेपरांत शार्पशूटर म्हणजे सुपारी घेऊन पळून गेलेला.

खानापूरकर : नेमबाजही आता खेळाच्या पानावर गेलाय. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य आणलं, तेव्हापासून इकडे कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत नेमबाज म्हटलं की ५० मीटर रायफलच आठवते. तिथे लक्ष्य हलत नाही आणि उलटून गोळीही येत नाही. स्नायपरच्या कामात नेमाइतकंच लपणं, तासन्‌तास पडून राहणं आणि बघणं असतं. ‘दबा धरणे’ या क्रियापदात ते सगळं आहे, खरं त्यापासून नाम करायला गेलं की ‘दबाधारी’सारखं काहीतरी होतं आणि वाचणारा हसतो.

टेहळ्या तर नकोच. स्नायपरच्या शेजारी दुर्बीण घेऊन वारा, अंतर आणि गोळी कुठे पडली ते सांगणारा दुसरा जवान असतो, तो स्पॉटर. टेहळ्या म्हणायचंच तर त्याला म्हणा.

मूळ शब्दही हिंदुस्थानातच जन्मला. अठराव्या शतकात इथले इंग्रज अधिकारी स्नाइप मारायला जात. म्हणजे आपला पाणलावा, थंडीत ओल्या खाचरात उतरणारा. चिखलाच्या रंगात असा मिसळतो की पायाशी येईपर्यंत दिसत नाही, आणि उठला की नागमोडी उडतो. तो मारणं म्हणजे स्नायपिंग. माणसावर नेम धरणाऱ्याला ते नाव नंतर चिकटलं.

कॅम्पातला माजी हवालदार : स्नायपरच ठेवा. आम्ही दुसरं काही म्हणत नव्हतो. आता गोळीचं बघा. चांदमारीत, म्हणजे गोळीबाराच्या सरावात, मोजून देतात ते राऊंड. राऊंड म्हणजे अख्खं काडतूस. त्याचे चार भाग: पितळी पुंगळी, तिच्या बुडाला टोपी, आत दारू आणि तोंडाला बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपीवर ठोका बसतो, दारू पेटते, गोळी जाते, पुंगळी मागे राहते. म्हणून माणसाला लागते ती गोळी आणि जागेवर सापडते ती पुंगळी. ‘घटनास्थळी रिकाम्या गोळ्या सापडल्या’ असं वाचलं की डोकं फिरतंय बघा! बाजारात कन्नडमध्ये गुंडु म्हणून भागतंय, खरं छापताना भागत नाही.

स्नायपरला तर पुंगळीचीही काळजी. ड्रॅगुनोव्ह ही रशियन स्नायपर रायफल अर्धस्वयंचलित, बार झाला की पुंगळी आपोआप बाहेर उडते. चकाकली तर जागा कळली. बोल्टच्या रायफलीत हाताने बोल्ट ओढेपर्यंत ती आतच राहते.

टिळकवाडीकर : आणि ७.६२?

कॅम्पातला माजी हवालदार : नुसतं ७.६२ लिहिलं तर निम्मंच कळतं. तो नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पुढे गुणिले करून येते ती पुंगळीची लांबी. आपल्या जुन्या एसएलआर रायफलीची ७.६२×५१, एके ४७ची ७.६२×३९, ड्रॅगुनोव्हची ७.६२×५४. एकीचं काडतूस दुसरीत चालत नाही. गंमत म्हणजे ड्रॅगुनोव्ह सोव्हिएत फौजेत आली १९६३ला आणि तिचं काडतूस १८९१च्या मोसिन रायफलीचं. बुडाला बाहेर आलेली कडसुद्धा तशीच ठेवली. तिला चौपट दाखवणारी दुर्बीण, पल्ला साधारण ८०० मीटर. त्यापुढचं काम .३३८ लापुआ काडतुसाचं, म्हणजे ८.६×७०, त्याचा पल्ला दीड हजार मीटरच्या आसपास. आपल्या फौजेने त्यासाठी फिनलंडची साको टीआरजी ४२ रायफल घेतली. बेंगळूरच्या एसएसएस डिफेन्सनेही याच काडतुसाची सेबर रायफल बनवलीय.

निपाणीवाला : मग थ्री नॉट थ्री रायफलीतला नॉट कुठला?

खानापूरकर : नॉट म्हणजे शून्य. .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिमी. इंचवाल्या आकड्याआधी टिंब द्यायला विसरू नका, नाहीतर ३०३ इंचाची तोफ होईल. आणि काडतूस हा शब्द पोर्तुगीजांचा, चोर्ला घाटाच्या पलीकडून, गोव्यातून आलेला. त्याला आपण मराठी केलं, तसं स्नायपरलाही करू.

टिळकवाडीकर : शेवटचं एक. फिनलंडचा नावाजलेला स्नायपर सिमो हायहा, त्याच्याबद्दल लेखकाने ‘उघड्या डोळ्यांनी नेम धरी’ लिहिलंय.

कॅम्पातला माजी हवालदार : मग बाकीचे डोळे मिटून मारत होते काय? १९३९-४०च्या लढाईत तो रायफलीला दुर्बीण लावत नव्हता, एवढंच. दुर्बिणीसाठी डोकं वर काढावं लागतं, काचेवर धुकं धरतं, ऊन पडलं की ती चमकते. ‘नुसत्या माशीवर नेम धरी’ असं लिहा. नळीच्या टोकावरचा तो खुंट म्हणजे माशी.

टिळकवाडीकर : माशी घेतली. टेहळ्या, शार्पशूटर काढले. ‘रिकाम्या गोळ्या’ तीन ठिकाणी निघाल्या, तिथे पुंगळ्या केल्या.