सिंधुदुर्ग पाहण्यास केव्हा जावे?

प्रश्न (लातूर): औसा, उदगीर, परंडा हे किल्ले पाहून झाले, आता समुद्र कधीच न पाहिलेल्या वडिलांना मालवणचा सिंधुदुर्ग दाखवायचा आहे. दिवाळीनंतर जावे काय?

उत्तर (परभणी): अवश्य जावे, पावसाळ्यात होड्या बंद असतात. १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधकाम सुरू झाले आणि पायाचे दगड शिसे ओतून बसवले गेले. चहूकडे खारे पाणी असताना दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या विहिरींना गोडे पाणी आहे, हे पाहिल्यावर आपल्यासारख्या टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखातल्या माणसाचा तिथून पाय निघत नाही.

उत्तर (नांदेड): चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा वडिलांना नक्की दाखवा, माझ्या आईने चपला काढून त्याला हात जोडले होते. होडीत चढताना मात्र त्यांना आधार द्यावा.