फायरमनचा सब ऑफिसर व्हायचंय: कलिना, नागपूर की सरळ कंपनी?

शिडीवाला: नमस्कार मंडळी. नगरपरिषदेत सहा वर्षं फायरमन आहे. बी.ए. बाहेरून केलं. वरची माणसं निवृत्त झाल्याशिवाय आमच्याकडे जागा हलत नाही, म्हणून सब ऑफिसरचा कोर्स डोक्यात आहे. कलिन्याचा, म्हणजे मुंबईतल्या राज्य अग्निशमन अकादमीचा, करू की नागपूरचा? मेहुणा म्हणतो, कंपनीत फायर सेफ्टीला जा, पगार बघ. बायको म्हणते, रात्रपाळी नको. या वाटेने कोणी गेलंय का?

चटका: मी कंपनीत आहे. रात्रपाळी इथेही आहे, वहिनींना आधीच सांगून ठेवा :) पगार बरा, आग क्वचित. हायड्रंट लाईनचा (आगीसाठीच्या पाण्याच्या पाइपचा) दाब बघायचा, सिलिंडरच्या तारखा, मॉक ड्रिल. राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत बी फॉर्म, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, भरायचा, त्याच्या आधी पंधरा दिवस नुसती धावपळ. वर्दीची, म्हणजे आगीच्या कॉलवर धावायची, सवय लागलेल्या माणसाला कंटाळा येतो. मला येतो.

जुना_बंबखाना: स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, म्हणून लिहितोय. पदवीधरांसाठी कलिन्याला एक वर्षाचा उपस्थानक अधिकारी (म्हणजेच सब ऑफिसर) व अग्नि प्रतिबंधक अधिकारी पाठ्यक्रम आहे. महाराष्ट्रातच राहायचं असेल तर तो करा. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय केंद्रीय गृह मंत्रालयाचं. पुढे डिव्हिजनल ऑफिसरच्या कोर्सला तिकडे जावं लागेलच.

आता कोर्सपलीकडचं. एकदा गोडाऊनची वर्दी होती. नवा सब ऑफिसर, पोरगा धाडसी. गाडीतून उतरला तो फायरमनच्या हातातली ब्रँच (पाइपच्या तोंडाची नळी) घेऊन थेट आत. बीए सेट (पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा श्वसनसंच) लावून दोघं मागच्या दाराने आधीच आत गेलेत, हे त्याला ठाऊकच नव्हतं, आणि बाहेर मोजायला कोणी नव्हतं. भरलेला सिलिंडर 300 बारचा, पन्नास-पंचावन्नवर आला की शिटी वाजते. ती शिटी आम्हाला भलत्याच बाजूने ऐकू आली. दोघं बाहेर आले, एकाचा हात भाजलेला. पोराला मी ओरडलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात बोर्ड दिला: कोण आत गेलं, किती वाजता, हवा किती. वर्षभर प्रत्येक वर्दीला तेच काम. पुढे तो चांगला अधिकारी झाला. आपण आत शिरायची खाज आवरणं त्याला फार जड गेलं, मलाही गेलं होतं.

आणि घरच्यांना खरं सांगा. मे 2015 मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत मुंबईचे चार अधिकारी गेले, खुद्द मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर त्यांत होते. बढती मिळाली म्हणजे धोका टळला असं या खात्यात नाही.

कोकणी_माणूस: राजीनामा देऊन कोर्सला जाऊ नका हो! खात्यानेच पाठवावं असा लेखी अर्ज द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या. माझ्या भावाचा तोंडी अर्ज दोन वर्षं साहेबांच्या "बघू" मध्ये पडून होता.

शिडीवाला: सोमवारी अर्ज देतो. काका, आमच्या बंबावर तसा बोर्डच नाही.

जुना_बंबखाना: मग पत्र्याच्या तुकड्याला पांढरा रंग मारा. खडू नको, पाण्याने पुसतो. मेणाची पेन्सिल घ्या आणि दोरीने बांधून ठेवा, नाहीतर पहिल्याच वर्दीत हरवते.