कार्डिनल वुल्सीच्या घरात एवढे कापड कशासाठी?

प्रश्न (शाळाशिक्षक, दारव्हा तालुका)

आमच्या गावच्या वाचनालयात सध्या इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याच्या काळावर वाचन चालू आहे. यॉर्कचे आर्चबिशप आणि राजा आठव्या हेन्रीचे लॉर्ड चॅन्सेलर (प्रमुख मंत्री) टॉमस वुल्सी यांच्या घरसामानात चांदीच्या भांड्यांइतकीच भिंतीवरच्या विणीव पडद्यांची, गालिच्यांची आणि पलंगपोसांची रेलचेल दिसते. कपाशीच्या मुलखात राहणाऱ्यांना कापडाचे मोल सांगावे लागत नाही. तरीही एका धर्मगुरूला एवढा साठा का लागावा, हे जाणकारांनी कृपया स्पष्ट करावे.

उत्तर (इतिहासवाचक, पुसद)

गुरुजी, त्या काळच्या थंड दालनांत पडद्यांनी ऊब येत असे हे खरे, पण मुख्य कारण अधिकाराचे प्रदर्शन होते. रेशमाचे आणि सोनेरी मुलाम्याचे धागे घालून हातमागावर विणलेला असा एक संच तयार व्हायला फार काळ लागे, म्हणून तो चित्रांपेक्षाही महाग पडे. व्हेनिसचा राजदूत जुस्तिनियन लिहितो की, वुल्सींच्या भेटीला जाताना आठ दालने ओलांडावी लागत, ती सर्व अशा पडद्यांनी मढवलेली असत आणि पडदे दर आठवड्याला बदलले जात. याच व्हेनिसकडून १५२० साली वुल्सींनी ६० गालिचे मिळवले. शिवाय राजदूतांचा पाहुणचार त्यांच्याकडेच असे. १५२७ मध्ये फ्रेंच मंडळींसाठी लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट या वाड्यात २८० बिछाने सजवल्याचे त्यांचा सेवक जॉर्ज कॅव्हेंडिश नोंदवतो.

उत्तर (निवृत्त ग्रंथपाल, वाशीम)

कॅव्हेंडिशचेच पुढचे वर्णन मला फार महत्त्वाचे वाटते. हेन्रीचा घटस्फोट पोपकडून मिळवून देता आला नाही, म्हणून १५२९ च्या ऑक्टोबरात वुल्सींची सत्ता गेली आणि सगळी मालमत्ता राजाच्या स्वाधीन करावी लागली. त्या वेळी यॉर्क प्लेस या त्यांच्या लंडनमधील वाड्याच्या सज्जात मेजे मांडून त्यांवर मखमल, साटिन व दमास्क (विणीतच नक्षी असलेले रेशमी कापड) यांचे तागे रचले होते आणि प्रत्येक मेजावर त्या मालाची नोंदवही ठेवली होती. दुसऱ्या दालनांत सोन्याचांदीची भांडी तशीच नोंदींसह मांडली होती. जप्तीचा पंचनामा स्वतःच्याच माणसांकरवी इतक्या शिस्तीने करून देणाऱ्या त्या माणसाविषयी मला मनापासून करुणा वाटते.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचाही आभारी आहे. त्यांपैकी आज काही उरले आहे काय?

उत्तर (इतिहासवाचक, पुसद)

होय, थोडे उरले आहे. त्यांच्या संग्रहातील काही विणीव पडदे हॅम्प्टन कोर्टमध्ये पाहता येतात. त्यांनी स्वतःच्या समाधीसाठी घडवून घेतलेली काळ्या दगडाची पेटी मात्र राजाने घेतली. पुढे १८०६ साली ती लंडनच्या सेंट पॉल्स चर्चमध्ये नौसेनापती नेल्सनच्या समाधीवर बसवण्यात आली.