घसाऱ्याला एक्सेलचं डीबी फंक्शन लावावं का?

खतावणी: कंपनी कायदा २०१३ च्या शेड्यूल २ प्रमाणे (मालमत्तांची आयुष्यं सांगणारी यादी) घटत्या शिलकीवर, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर ठरावीक दराने, घसारा (मालमत्तेच्या किमतीतली वार्षिक घट) काढताना सर्रास डीबी (DB) लावतात. माझ्या मते लावू नये. लॅपटॉप ६०,००० चा, आयुष्य ३ वर्षं, अवशेष मूल्य (आयुष्य संपल्यावर उरणारी किंमत) ५ टक्के म्हणजे ३,०००. =डीबी(६००००,३०००,३,१) टाकलं (शेवटचा १ म्हणजे पहिलं वर्ष) की ३७,९२० येतात. खरा दर ६३.१५९७ टक्के, पण डीबी तो तीन दशांश स्थळांवर आणून ०.६३२ धरतं. तिसऱ्या वर्षाअखेर शिल्लक उरते २,९९०.१६.

मार्चएंड: फरक दहा रुपयांचाही नाही! शेवटच्या वर्षी ‘सुरुवातीची शिल्लक वजा ३,०००’ लिहा, मिटलं. हाताने ‘शिल्लक गुणिले दर’ लिहिताना दराच्या सेलला (तो पक्का करणारं) डॉलरचं चिन्ह द्यायचं राहिलं, की खाली ओढल्यावर रिकाम्या सेलने गुणलं जातं आणि घसारा शून्य येतो. ती चूक महागात पडते. डीबीत एकच जपायचं: अवशेष मूल्य शून्य देऊ नका. दर १ होतो आणि अख्खी किंमत पहिल्याच वर्षी उडते.

खतावणी: बरं, पैसे सोडा, तारीख धरा. खरेदी १७ ऑक्टोबर २०२५ ची, ३१ मार्चपर्यंत १६६ दिवस. डीबीला पाचवा आकडाही देता येतो, पण तो पहिल्या वर्षातल्या महिन्यांचा, तोही पूर्णच. ६ दिले तर १८,९६०, ५ दिले तर १५,८००. दिवसांप्रमाणे हवेत १७,२३५. शिवाय ६ महिने दिले की चौथ्या वर्षाची ओळही लागते. बहुतेक जण तीनच ओढतात आणि १,७५६ रुपयांचा घसारा राहून जातो.

तेरीज: मग व्हीडीबी (VDB) घ्या, त्यात कालावधी आणि दर आपण देतो: =व्हीडीबी(६००००,३०००,३,०,१६६/३६५,३*(१-०.०५^(१/३)),ट्रू). दर गोल होत नाही, दिवसही धरले जातात. उत्तर १७,२३५.

मार्चएंड: तारखेचा मुद्दा मान्य. पण सात आकड्यांचं हे सूत्र शीट नंतर हाती घेणाऱ्याला उलगडणार नाही. सहावा आकडा (आयुष्य गुणिले दर) वेगळ्या सेलमध्ये, नाव देऊन ठेवा. आणि आयकराला यातलं काहीच लावू नका. तिथे आयुष्य नाही, ब्लॉक (एकाच दराच्या मालमत्तांचा गट) आहे. संगणकाला ४० टक्के, वापर १८० दिवसांपेक्षा कमी म्हणून निम्मा: याच लॅपटॉपवर १२,०००.

खतावणी: इथे आपलं जमलं. आयकराच्या शीटमध्ये १८० दिवस किंवा जास्त वापरलेली खरेदी आणि त्याहून कमी वापरलेली खरेदी असे दोन स्वतंत्र स्तंभ ठेवा. विक्रीची रक्कम ब्लॉकमधून वजा करा, मूळ किंमत नव्हे.