कॉफीचा लिलाव नेमका होतो कसा? केनियाची एए घ्यायची आहे

कोथरूडची_भट्टी
नमस्कार मंडळी. पुण्यात माझं छोटं रोस्टिंग आहे, पाच किलोचा घाणा. चिकमगळूर आणि कोडगूचे मळेवाले थेट माल देतात, भाव फोनवर ठरतो, त्यामुळे लिलाव मी कधी पाहिलेला नाही. 2025 मध्ये पनामाची गेशा जातीची कॉफी किलोला 30,204 डॉलरला गेली हे वाचलं आणि झोप उडाली. इतके पैसे मोजणारा आधी काय बघतो? आणि केनियाची एए ग्रेडची कॉफी मला थोडी आणायची आहे, तिचा लिलावही असाच होतो का?

नैरोबीचा_आप्पा
ताई, मी नैरोबीत एका निर्यातदाराकडे कॉफी चाखायच्या खात्यात आहे, म्हणून केनियाचं सांगतो.

लिलाव हंगामात दर मंगळवारी, वाकुलिमा हाउसमध्ये नैरोबी कॉफी एक्स्चेंजच्या हॉलात. पण निकाल लागतो तो आदल्या आठवड्यात, आमच्या टेबलावर. कॅटलॉग येतो, त्यासोबत लॉटचे, म्हणजे एकत्र विकायच्या मालाच्या एकेका गटाचे, नमुने. प्रत्येक नमुना हलका भाजायचा, दळायचा, वाटीत कढत पाणी ओतायचं, चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने मोडून वास घ्यायचा. जरा निवलं की सुर्रकन ओढायचं, थुंकायचं, पुढची वाटी. न्येरी, किरिन्यागा या इथल्या भागांतल्या चांगल्या लॉटला पिकल्या करवंदासारखी आंबटगोडी असते. तशी वाटी लागली की तिचा नमुना त्याच दिवशी परदेशातल्या गिऱ्हाइकाला रवाना करतो आणि कॅटलॉगमध्ये त्या ओळीपुढे आमचा कमाल भाव लिहून ठेवतो.

हॉलात आरडाओरडा नाही. व्यापारी आपापल्या जागी बटण घेऊन बसलेले, पडद्यावर लॉट, ग्रेड, पोती. बटण दाबलं की भाव चढतो. भाव 50 किलोचा बोलतात आणि पोतं भरतं 60 किलोचं. हिशेब करताना हे डोक्यात ठेवा.

आता तुमची एए. ती चवीची प्रत नाही, दाण्याचा आकार आहे. 17-18 नंबरच्या चाळणीवर राहिला तो एए, 15-16 वर एबी. फळात दोनऐवजी एकच गोल दाणा असेल तर पीबी. एकाच ठिकाणच्या मालात एबी सरस आणि एए फिकी, असं मी कितीदा तरी चाखलंय. तरी एएला चढा भाव मिळतो, कारण गिऱ्हाईक अक्षरं बघून घेतं. म्हणून व्यापाऱ्याला ग्रेड विचारण्याआधी आउटटर्न नंबर विचारा. त्यात आठवडा, मिलचा संकेत आणि अनुक्रमांक असतो. त्यावरून माल कुठल्या फॅक्टरीचा ते निघतं. फॅक्टरी म्हणजे इथे सहकारी सोसायटीचं फळं सोलण्याधुण्याचं केंद्र.

आणि लिलावाचा भाव तो शेतकऱ्याचा भाव समजू नका. एक किलो हिरव्या कॉफीला सहा-सात किलो फळं लागतात. मिल, दलाल, सोसायटीचा खर्च, उचलीची वसुली, हे सगळं वजा होऊन उरेल ते त्याचं, तेही फळं घातल्यावर कित्येक महिन्यांनी. 2023 च्या सुधारणांनंतर लिलावाचा पैसा बँकेमार्फत ज्याचा त्याला थेट वळता करायची पद्धत आली. ऊस घालून बिलाची वाट बघणाऱ्या घरात मी वाढलोय, त्यामुळे हा बदल नीट चालावा असं मला मनापासून वाटतं.

मळ्याकाठचा
आप्पांनी केनियाचं छान सांगितलंय. पनामात आधी स्पर्धा, मग लिलाव. परीक्षक नाव झाकून चाखतात, गुण देतात, आणि वरचे लॉट ऑनलाइन लिलावात जातात. 2004 मध्ये हासिएंदा ला एस्मेराल्डाच्या गेशाला पाउंडाला 21 डॉलर मिळाले तेव्हा तोच विक्रम होता! 30,204 डॉलरचा लॉटही त्याच मळ्याचा, पण जेमतेम 20 किलो, दुबईच्या खरेदीदाराने घेतला. त्यावरून कॉफीच्या बाजाराचा अंदाज बांधू नये. 'कप ऑफ एक्सलन्स' ही कॉफीची स्पर्धा 1999 मध्ये ब्राझीलला सुरू झाली, तिथेही हीच रीत. तिथे छोटे रोस्टर गट करून एक लॉट घेतात आणि वाटून नेतात, ते तुम्हाला पाहण्यासारखं आहे.

आपल्याकडे 1942 पासून सगळा माल कॉफी बोर्डाच्या पूलमध्ये, म्हणजे एकत्र साठ्यात, जायचा आणि बोर्ड लिलाव करायचं. चांगला-वाईट माल एकाच ढिगात, मग मळेवाला चवीसाठी जीव का टाकेल? 1996 ला ते बंधन पूर्ण सुटलं. तुमचा फोनवरचा भाव त्यामुळेच शक्य झाला.

कोथरूडची_भट्टी
आप्पा, खूप आभार. मी थेट हॉलात बोली लावू शकते का? आणि मोजके किलोच हवे असतील तर?

नैरोबीचा_आप्पा
नाही, बोलीला परवानाधारक व्यापारीच लागतो. तुम्ही आमच्यासारख्या निर्यातदाराकडून किंवा युरोपातल्या आयातदाराकडून घ्याल. पोतं 60 किलोचं, ते फोडून कुणी सहसा देत नाही, तेव्हा पुण्यातले दोन-तीन रोस्टर जमवा. भारतात कॉफीवर मूळ आयात शुल्क 100 टक्के आहे, ते धरूनच भाव काढा. मुख्य पीक ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतं, चांगले लॉट जानेवारी ते मार्च हॉलात येतात. नमुने मागवायचे तर फेब्रुवारीत मागवा, आणि एएसोबत त्याच फॅक्टरीची एबीही मागवा. दोन्ही नावं झाकून चाखा.