डूलिनला मुक्काम करावाच

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मोहेरचे कडे पाहून त्याच संध्याकाळी गॉलवे शहरात परतावे, असा सल्ला दिला जातो. पारंपरिक आयरिश संगीत हा प्रवासाचा हेतू असेल, तर मात्र कड्यांजवळच्या, क्लेअर परगण्यातील डूलिन या गावी रात्री राहावे, कारण तेथील पबमधील वादन बहुधा रात्री नऊनंतर रंगते आणि एकदिवसीय सहलीच्या बस तोवर निघून गेलेल्या असतात.

फिशर स्ट्रीटवरील १८३२ पासूनचा गस ओ'कॉनर हा पब सर्वांत प्रसिद्ध आणि म्हणूनच उन्हाळ्यात सर्वाधिक गर्दीचा; मॅकगॅन आणि मॅकडरमॉट हेही पाहावेत.

गावाची कीर्ती पसरली ती मुख्यतः रसेल बंधूंमुळे: मिको (१९१५-१९९४) टिन व्हिसल (धातूची छोटी बासरी), पॅकी कॉन्सर्टिना (हातात धरायचे भात्याचे छोटे वाद्य) आणि गसी बासरी वाजवत. पबमधील मैफल रंगमंचावर होत नाही. वादक एका टेबलाभोवती बसतात, दोन-तीन धुना न थांबता एकमेकींना जोडतात आणि प्रत्येक धून दोन-तीनदा फिरवतात. त्यामुळे त्यांच्या खुर्च्या अडवू नयेत आणि मधेच फर्माईश करू नये. (पर्यटक नेमके हेच करतात.)

जुलैमध्ये जाणार असाल, तर माझी पसंती डूलिनपेक्षा त्याच परगण्यातील मिलटाउन मालबेला राहील. आयरिश बॅगपाइप वाजवणारे विली क्लॅन्सी यांच्या स्मरणार्थ १९७३ पासून तेथे उन्हाळी संगीतशाळा भरते आणि त्या आठवड्यात जगभरचे वादक गावात जमतात. राहण्याची सोय मात्र फार आधी करावी लागते.